माहिती नाकारली, तर पुढे काय?

२०१० साली पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदार हवालदिल झाले. अशा बँकांचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात कुणी मागितले, की रिझर्व्ह बँक गोपनीयतेचं कारण द्यायची. सर्वोच्च न्यायालयानं ते कारण डिसेंबर २०१५ मध्ये फेटाळलं. तेव्हा नकाराचं पत्र हाती आलं म्हणून खचू नका.

समजा, पेण किंवा रोह्याच्या तहसील कार्यालयानं माहिती नाकारली, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही. त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. ‘जोडपत्र ब’ भरायचं, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. नकारपत्रात कारण आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील असायलाच हवा. नुसतं ‘माहिती देता येत नाही’ असं लिहिलं असेल, तर अपिलात तोच मुद्दा ठळक मांडा. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकार कायद्याच्या कलम १९(५) नुसार माहिती अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही!

निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत यायला हवा. तो पटला नाही, तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे करता येतं. आणि हो, प्रत्येक वेळी आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्याच. उत्तराची आणि निकालाची मुदत त्यावरूनच मोजली जाते.