अत्यवस्थ मुलाची लघवी कोण मोजतं?



आजच्या विषयाचं नाव जड आहे : अत्यवस्थ मुलांमधली मूत्रपिंडाची तीव्र इजा, तिची व्याख्या आणि तिचे टप्पे. आम्ही डॉक्टर तिला एकेआय म्हणतो. मूल समोर आजारी पडलेलं असताना व्याख्येचा खल कशाला, असं कुणाला वाटेल. पण ही इजा बहुतेकदा दुखत नाही. मूत्रपिंड बंद पडत चाललं तरी मूल तक्रार करत नाही. ओळखायचं ते आकड्यांवरून, आणि कोणता आकडा धोक्याचा यावरच एकमत नव्हतं. एकेकाळी वैद्यकीय लेखनात या एका आजाराच्या तीसहून अधिक व्याख्या होत्या. मग एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलना करायची कशी?

२००४ मध्ये मोठ्यांसाठी 'रायफल' हे निकष आले, २००७ मध्ये त्यांचं मुलांसाठीचं रूप आलं, आणि २०१२ पासून बहुतेक ठिकाणी 'केडिगो'चे तीन टप्पे वापरतात. हा इतिहास एवढाच पुरे. खरी गंमत क्रिएटिनिनमध्ये आहे.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. लहान मुलाचे स्नायू ते किती! ऐंशी सेंटिमीटर उंचीच्या, दहा किलोच्या बाळाचं क्रिएटिनिन ०.३ असतं. ते ०.६ झालं तर मोठ्यांच्या मापाने छापलेल्या रिपोर्टवर लाल खूणसुद्धा येत नाही. पण उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागायचं, हे श्वार्ट्झचं सुधारित सूत्र लावून पाहा : गाळण्याची क्षमता ११० वरून ५५ वर आली. निम्मं काम थांबलं! केडिगोप्रमाणे सात दिवसांत क्रिएटिनिन मूळच्या दीडपट झालं की पहिला टप्पा, दुप्पट झालं की दुसरा, तिप्पट झालं की तिसरा. म्हणजे आपलं बाळ 'नॉर्मल' रिपोर्ट हातात घेऊन दुसऱ्या टप्प्यात पोचलेलं आहे.

आता 'मूळच्या' म्हणजे कधीच्या? धडधाकट मुलाचं क्रिएटिनिन कोण तपासून ठेवतं? अशा वेळी गाळण्याची क्षमता बहुधा १२० होती असं धरून उलटं गणित मांडतात. कुपोषित मुलात हा अंदाज फसतो, कारण स्नायूच नाहीत. भरपूर सलाईन दिलेल्या मुलात क्रिएटिनिन पातळ होऊन कमी दिसतं. शिवाय इजा आज झाली तर ते चढायला दिवस-दोन दिवस लागतात.

म्हणून दुसरा निकष, लघवी. दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी, असं सहा तास चाललं तर पहिला टप्पा, बारा तास चाललं तर दुसरा. ०.३ पेक्षा कमी चोवीस तास, किंवा बारा तास लघवीच नाही, तर तिसरा. आपल्या दहा किलोच्या बाळासाठी ही रेघ ताशी पाच मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या छोट्या चमच्याएवढी. एवढीशी लघवी मोजायची तर कॅथेटर हवा, नाहीतर डायपरचं वजन करायला हवं; एक ग्रॅम वाढलं की एक मिलिलिटर धरायचं.

हे काम सिस्टर करतात, आणि राउंडला आम्ही लघवीच्या तक्त्याआधी रक्ताचा रिपोर्ट मागतो. हा उलटा क्रम महागात पडतो. २०१७ मध्ये चार खंडांतल्या ३२ बालअतिदक्षता विभागांचा 'अवेअर' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४,६८३ रुग्ण होते. जवळपास २७ टक्क्यांना ही इजा झाली. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात गेलेल्यांपैकी ११ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण अडीच टक्के होतं. आणि लघवीच्या निकषात बसलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश रुग्ण नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबलं असतं तर निसटले असते. माझ्या मते त्या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच.

टप्पा ठरला की लगेच डायलिसिस, असं मात्र नाही. टप्पा सांगतो ते इतकंच, की मूत्रपिंडाला बाधणारी औषधं थांबवा, बाकीच्यांच्या मात्रा पुन्हा ठरवा, सलाईनचा जमाखर्च तपासा.

२०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली, ते आपल्याला आठवत असेल. साधा सर्दी-ताप, खोकल्याचं सिरप, आणि मग लघवी बंद. त्या सिरपच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं, ०.१ टक्क्यापलीकडे ते चालत नाही. वीसहून अधिक मुलं गेली. तिथेही धोक्याची खूण आधी आयांना दिसली होती : बाळाने शू केलेली नाही.

तेव्हा पालकांना एवढीच विनंती. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्याचं सिरप देऊ नका, त्यापुढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि जुलाब-तापाचं मूल दवाखान्यात न्याल तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, शेवटची लघवी किती वाजता झाली आणि साधारण किती झाली.