नीरेची माती आणि रसायनशास्त्राचा तास

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस उभा राहिला, पण जेथे निचऱ्याची तजवीज झाली नाही तेथे जमीन क्षारपड होऊन बसली. नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे 1910 साली प्रसिद्धही केला. असे असता येथल्याच माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने आम्ल, अल्कली आणि क्षार यांच्या व्याख्या नुसत्या घोकाव्यात, हे मला मनापासून खटकते.

शिक्षकांनी मुलांकडून चोपण आणि खारवट अशा दोन्ही जमिनींची माती आणवावी, ती ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून गाळावी आणि त्या पाण्यात हळदीचा कागद बुडवावा. चोपण मातीचे पाणी कागदास तांबूस करील, निव्वळ खारवट मातीचे बहुधा करणार नाही. उलट, विरल नायट्रिक आम्ल घालून सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोडताच खारवट मातीच्या पाण्यात क्लोराइडचा पांढरा साका दाट उतरेल. हा भेद का पडला, हे मुलांनीच विचारावे. शिक्षकाने उत्तराची घाई करू नये.

चोपण रानात जिप्सम का टाकतात, हा त्यापुढचा धडा. मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमची जागा जिप्सममधील कॅल्शियम घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून वाहून जातो. ज्याच्या वडिलांनी जिप्समची पोती रानात ओतली आहेत, त्या मुलास हे समीकरण फळ्यावर मांडावयास प्रथम बोलवावे.