वीरपत्नीची घरपट्टी

२०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने माजी सैनिकांना व सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ केली. निर्णय स्तुत्यच. परंतु येथे सैनिक म्हणजे भूदल, नौदल वा वायुदलातील. लाहेरीला २००९ साली १७ पोलीस धारातीर्थी पडले. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांच्या भूसुरुंगाने १५ पोलीस जवान हुतात्मा झाले. त्यांच्या खासगी वाहनाचा चालकही गेला. खाकीतील हुतात्म्याची पत्नी मात्र या योजनेच्या व्याख्येबाहेर!

आणि जी व्याख्येत बसते, तिला सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला हवा. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. हे हेलपाटे तिनेच का घालावेत? चंद्रपूर-गडचिरोलीतील कार्यकर्त्यांनी दोन्ही प्रकारच्या घरांची यादी येत्या ग्रामसभेत ठेवावी.