अन्नातील असत्य

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या ओरत्तनाडुशी अन्नदानाची एक थोर परंपरा निगडित आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळच्या नावाने छत्र उभारले. तेथे वाटसरूंना अन्न मिळे आणि विद्यादानही चाले. पंक्तीत बसलेल्या पाहुण्याला मुदपाकखाना दिसत नसे. तो विश्वासाने घास घेई. आज आपणही त्या वाटसरूसारखेच आहोत. धान्य पिकविणारा, दळणारा, पुड्यात भरणारा, यांपैकी कोणीही आपल्या ओळखीचा नसतो. भेसळ करणारा घाला घालतो तो या विश्वासावर.

मिश्रण आणि भेसळ यांत भेद आहे. या भागात घरोघरी फिल्टर कॉफी होते आणि तीत चिकोरी असतेच. कायद्याने अशा मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते व प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. ते प्रमाण सांगून विकणे हा व्यापार. लपवून विकणे ही भेसळ. म्हणजे भेसळीचे मूळ पदार्थात नसून असत्यात आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात धान्य, तेल, मीठ व औषधे यांत हलका माल मिसळणाऱ्यास दंड सांगितला आहे, तोही याच असत्याचा.

या असत्याची रूपे अनेक. मिऱ्यांत पपईच्या वाळलेल्या बिया, हळदीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट, दुधात पाणी आणि ते दाट भासावे म्हणून पिष्ट. काही भेसळ केवळ खिसा कापते, काही जीव घेते. दिल्लीत 1998 साली मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि साठांहून अधिक माणसे दगावली. शिशासारखे विष तर लहान मुलांच्या वाढत्या मेंदूलाच अपाय करते. मूल पानातले निवडून पाहत नाही; आई वाढते म्हणून ते खाते.

येथे ग्राहकाचा वाटाही सांगितला पाहिजे. पोंगलसाठी आपण पिवळाधमक गूळ शोधतो. म्हणून गुळाचा रंग उजळण्यासाठी रसायने वापरली जातात. तपकिरी, ओबडधोबड ढेप आपण मागे सारतो. झळाळीला भुलणारे डोळे असले की फसविणाऱ्याचे काम निम्मे होते.

स्वतंत्र भारताने 1954 साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा केला. त्याची जागा 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. तो 2011 पासून अमलात आहे. त्यानुसार सामान्य ग्राहकही शुल्क भरून आपण घेतलेल्या पदार्थाचे पृथक्करण करवून घेऊ शकतो. पुड्यावरील चौदा अंकी परवाना क्रमांक आपण वाचतो का? सुट्या मालाची पावती मागतो का? पावतीवाचून तक्रार लंगडी पडते.

शाळेचे काम याहून मुळाशी आहे. पेलाभर पाण्यात चिमूटभर कॉफी भुरभुरावी: कॉफी तरंगते, चिकोरी रंगाची रेघ ओढीत तळाशी जाते. मिरी पाण्यात बुडते, पपईची बी तरंगते. उकळून गार केलेल्या दुधात आयोडीनचे थेंब टाकता निळा रंग आला तर पिष्ट आहे असे समजावे. हे प्रयोग सातवीतील मूलही करू शकते. पालकांनी महिन्यातून एकदा ते मुलांसह घरी करावेत, अशी माझी विनंती आहे. अशा चाचण्यांत सारीच भेसळ सापडणार नाही. पण विचारल्यावाचून विश्वास ठेवू नये आणि पाहिल्यावाचून आरोप करू नये, हे दोन्ही संस्कार त्यांतून घडतील.

आपले माजी विद्यार्थी आज दुकानदार, शेतकरी, अधिकारी आहेत. तराजूच्या पलीकडे उभे असतानाही त्यांनी शाळेत शिकलेले सत्य पाळावे. कारण आपण विकलेला माल कोणत्या मुलाच्या पानात पडणार आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.