निरंक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘सेवाकाळातील अनुभव’ असा विषय दिला होता. माझा सेवाकाळ तक्ते भरण्यात गेला. हे कळल्यावर त्यांनीच हळूच सुचवलं, की जरा रंजक काही सांगा. म्हणून जगात सगळ्यात कमी पर्यटक जातात अशा देशांपासून सुरुवात करतो आणि मेळघाटात येऊन थांबतो. मधे एक कबुली आहे. ती ज्याच्याजवळ द्यायची, तो चौथ्या रांगेत बसला आहे.

आपण 1978 च्या दहावीचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा देश स्वतंत्र झाला. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात तो नव्हता आणि सरांच्या नकाशात असलाच तर माशी बसल्यासारखा असेल. सगळी मिळून जमीन 26 चौरस किलोमीटर, वस्ती दहा-अकरा हजार. आपल्या नव्या वस्तीत याहून जास्त माणसं निघतील. फिजीहून तिथे विमान जातं. ते येत नाही तेव्हा धावपट्टीवर संध्याकाळी पोरं खेळतात. ‘सर्वात कमी भेट दिलेले देश’ अशी यादी कुठेही छापून आली, की तुवालूचं नाव त्यात असतंच. वर्षाला काही हजार माणसं, बस.

पण ही काही हजार माणसं कोण? विमानतळावर उतरणाऱ्याने कार्डावर येण्याचं कारण लिहायचं असतं. त्यात सरकारी कामाला आलेले असतात, मदत देणाऱ्या संस्थांचे सल्लागार असतात, न्यूझीलंडहून आजीला भेटायला आलेले असतात. निव्वळ हौस म्हणून गेलेला त्यांच्यात थोडाच. आणि गंमत अशी, की तुवालू यादीत तळाला दिसतो कारण तो बिचारा आकडा पाठवतो. उत्तर कोरियासारखे देश पाठवतच नाहीत. जागतिक तक्त्यांत अशा देशांपुढे दोन टिंबं असतात. दोन टिंबं म्हणजे माहिती मिळाली नाही. यादी करणारा टिंबंवाले देश वगळतो, उरलेल्यांना उतरत्या क्रमाने लावतो आणि शेवटच्याला म्हणतो, इथे कोणी जात नाही. ही टिंबं लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहेत.

आता पर्यटक म्हणजे कोण, तेही बघू. संयुक्त राष्ट्रांची व्याख्या मी माझ्या भाषेत सांगतो. जो आपल्या नेहमीच्या वावराच्या जागेबाहेर जातो, एक वर्षाच्या आत परत येतो, आणि तिथे नोकरीमजुरीसाठी गेलेला नसतो, तो अभ्यागत. त्याने एक रात्र तरी मुक्काम केला तर तो पर्यटक. याच सभागृहात हिशेब करून बघा. पुण्याहून आलेली आपली मैत्रीण काल रात्री बहिणीकडे झोपली. ती व्याख्येने पक्की पर्यटक, पण कुठल्याही लॉजच्या रजिस्टरात तिचं नाव नाही, म्हणजे सरकारी आकड्यात ती आलीच नाही. अमरावतीहून दहा किलोमीटरवरून जे आले ते पर्यटकही नाहीत आणि अभ्यागतही नाहीत. दोन डब्यांतून नाश्त्याचं कूपन घेणारे काहीजण मात्र दोनदा मोजले गेलेत, त्यांची नावं मी सांगत नाही. आणि आपलं स्टेशन? हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन, हजारो माणसं इथे उतरतात, चहा घेतात, अमरावतीची नाहीतर नरखेडची गाडी पकडतात. त्यांतला एकही घरी जाऊन ‘मी बडनेरा बघून आलो’ म्हणत नाही. तुवालूला निदान पर्यटक तरी आहेत!

हसण्यावारी नेऊ नका, मोठ्या आकड्यांचंही असंच आहे. 2019 साली भारतात विदेशी पर्यटक आले 1 कोटी 9 लाख. हा आकडा विमानतळ, बंदरं आणि सीमेवरच्या इमिग्रेशनच्या नोंदीतून येतो, त्यामुळे बऱ्यापैकी भरवशाचा. आता त्याच वर्षी सगळ्या राज्यांनी सांगितलेल्या विदेशी पर्यटकांची बेरीज करा. ती येते 3 कोटी 14 लाख. जास्तीचे दोन कोटी आले कुठून? कुठूनच नाही. मुंबईला उतरलेला जर्मन माणूस महाराष्ट्राने मोजला, मग गोव्याने मोजला, मग ताजमहालापाशी उत्तर प्रदेशाने मोजला. राज्यं मोजतात ती भेट, माणूस नव्हे. केंद्राच्या अहवालात दोन्ही आकडे वेगवेगळ्या नावांनी दिलेले असतात, पण वाचायला तेवढा धीर कोणाला असतो? देशी पर्यटकांच्या भेटी त्या वर्षी 232 कोटी दाखवल्या आहेत. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाने दीडपेक्षा जास्त वेळा पर्यटन केलं असा त्याचा अर्थ लावला, तर फसलात.

आणखी एक. 2014 साली भारतात आलेले विदेशी पर्यटक सुमारे 77 लाख. पुढे याच वर्षासाठी आणखी एक आकडा निघाला, 1 कोटी 31 लाखांचा. कारण परदेशात राहणारे, पण भारतीय पासपोर्ट असलेले आपले लोकही त्यात धरले. जागतिक क्रमवारीत भारत एकदम चोविसावा झाला. माणसं तीच, विमानं तीच. यात लबाडी नव्हती, हे मी सांख्यिकीवाला म्हणून सांगतो. जागतिक व्याख्या माणूस राहतो कुठे ते विचारते, पासपोर्ट विचारत नाही. उलट आधीच आपण कमी मोजत होतो. पण ‘पर्यटनात मोठी झेप’ असा मथळा वाचणाऱ्याला हे कोण सांगणार?

आता आपल्या जिल्ह्यात येतो. पावसाळ्यातल्या रविवारी परतवाड्याच्या पुढे घाटात गाड्यांची रांग तुम्ही पाहिलीच असेल. चिखलदऱ्याला जायचं, भीमकुंडाचं पाणी बघायचं, कणीस खायचं, गाविलगडाच्या दरवाज्यात फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. यांतला मुक्काम करणारा किती? लॉजच्या मासिक विवरणपत्रात ही गर्दी कुठे दिसणार? उलट वाघ बघायला आलेलं एकच कुटुंब दोन दिवस दोन गेटांतून सफारीला गेलं, तर तिकिटं दोनदा फाटतात. शेगावचं तर सोडूनच द्या. सकाळच्या गाडीने जाऊन दर्शन, पिठलं-भाकर आणि संध्याकाळी घरी. अशी वारी आपल्यापैकी प्रत्येकाने केली आहे आणि कुठल्याच तक्त्यात आपण नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. आता विमानातून उतरलेली डोकी मोजता येतील, आणि काही वर्षांनी कोणीतरी म्हणेल, की अमरावतीला माणसं येतात ती विमानानेच.

आता कबुली.

1988 च्या सुमारास मी एका कचेरीत कनिष्ठ होतो. कचेरीचं नाव घेत नाही. राहण्याच्या ठिकाणांकडून दर महिन्याला एक प्रपत्र यायचं: किती माणसं आली, किती रात्री राहिली, कुठून आली. ती जुळवून तक्ता करायचा आणि वर पाठवायचा. मेळघाटाच्या कडेला एक जुना विश्रामबंगला होता. त्याची प्रपत्रं यायची थांबली. दोन स्मरणपत्रं पाठवली, उत्तर नाही. तिकडे वरून रोज तगादा. त्या ओळीत खरं तर ‘अप्राप्त’ लिहायला हवं होतं. पण ‘अप्राप्त’ लिहिलं की तक्ता परत यायचा, खुलासा द्यावा लागायचा. मी चार महिने त्या ओळीत ‘निरंक’ लिहिलं. टाइप झालं, सही झाली, गेलं. निरंक म्हणजे शून्य. टिंबं द्यायची तिथे मी शून्य दिलं.

पुढच्या वर्षी दुरुस्तीचे पैसे वाटताना कोणीतरी तो तक्ता समोर ठेवला. जिथे चार महिने माणूस फिरकत नाही, त्या छपरावर खर्च कशाला? बंगला गळत होता. आणखी एका पावसाळ्यात तो बंद झाला. हे सगळं माझ्यापर्यंत आलंच नाही. मी बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलो होतो.

1991 मध्ये मी इथल्या फलाटावर गाडीची वाट बघत होतो. चहावाल्याने कप पुढे केला आणि बघतच राहिला. आपल्या वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. परतवाड्याच्या मामाच्या ओळखीने तो एका बंगल्यावर रोजंदारीने चौकीदार लागला होता, बंगला बंद झाला तसा परत आला. कुठला बंगला ते त्याने सांगितलं आणि माझ्या हातातला चहा निवला. मी कुठे काम करतो हे कळल्यावर तो म्हणाला, “काऊन बे, तुमच्या कागदावर आमच्या बंगल्यात कोनीच नाई आलं म्हनते? मंग मी चार महिने सयपाक कोनासाठी केला?”

दुसऱ्या दिवशी त्याने वही आणून दाखवली. शाळेचीच दोनशे पानी वही, रेघा मारून रकाने केलेले. नाव, गाव, आले, गेले. पक्षी बघणारे, पुण्याचे विद्यार्थी, रस्त्याच्या कामाचे लोक, एक आजारी म्हातारा आणि त्याची मुलगी. चार महिन्यांत 43 माणसं. छापील प्रपत्रं संपली होती, म्हणून त्याने वहीत लिहून ठेवलं होतं. कोरी प्रपत्रं पाठवायचं काम आमच्याच कचेरीचं होतं. त्याने दोनदा एसटीच्या कंडक्टरजवळ निरोपही दिला होता.

तो तक्ता मी लिहिला, हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. नंतर कितीतरी वेळा त्या फलाटावरून गेलो, त्याच्याकडे चहा घेतला, तरी नाही सांगितलं. पुढे नोकरीत मी एकच नियम पाळला, की माहिती नसेल तर तसं लिहायचं, खुलासे द्यावे लागले तरी चालतील. माझ्या गोपनीय अहवालात ‘कामात विलंब’ असा शेरा दोनदा आला. पण तो नियम कशामुळे लागला, हे घरीही कोणाला ठाऊक नव्हतं. परवा त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आता सांगतं व्हय,” आणि आत चहा टाकायला सांगितलं. आज इथे सगळ्यांसमोर सांगायची परवानगी त्यानेच दिली. ती वही त्याच्याकडे अजून आहे, पाहिजे त्याने मागून बघावी.

शेवटी एक विनंती, ती या स्मरणिकेच्या संपादकांना. मागच्या पानांवर आपल्या तुकडीची यादी छापायची आहे. कच्च्या प्रतीत काही नावांपुढे ‘उपस्थित नाही’ असं लिहिलेलं मी पाहिलं. त्यांत बहुतेक मुली आहेत. लग्नानंतर नावं बदलली, गावं बदलली, आपलं पत्र त्यांना पोहोचलंच नाही. त्यांच्यापुढे ‘पत्ता मिळाला नाही’ असं छापा. आणि कोणाला पत्ता माहीत असेल तर दारातल्या टेबलावर रजिस्टर आहे, जेवायला बसण्याआधी तिथे लिहून जा.