चिलटे, जनुके आणि आपली मुले
(हमरापूर येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की घरोघरी प्रश्न निघतो, "सायन्स घेऊन पुढे काय? डॉक्टर नाही झाला तर?" या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यातून देण्याचा प्रयत्न करतो. त्यांचे नाव डॉ. ओबेद सिद्दीकी.

त्यांचा जन्म 1932 साली उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकून ते ग्लासगोला गेले व तेथे डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत अ‍ॅलन गॅरन यांच्याबरोबर त्यांनी जिवाणूंवर काम केले. जनुकाच्या लिपीत एक चूक झाली की प्रथिनाची घडण मध्येच थांबते आणि दुसरे एक जनुक ती चूक सावरू शकते, असे त्यांना आढळले. जनुकांच्या लिपीतही पूर्णविराम असतात, हे समजण्यास या कामाची मदत झाली.

परदेशात असे नाव होत असताना डॉ. होमी भाभांनी त्यांना मुंबईला बोलावले. 1962 साली ते आले आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला.

पुढे त्यांनी अभ्यासाला घेतली ती पिकलेल्या केळ्यांभोवती भिरभिरणारी चिलटे! त्यांतली काही चिलटे उष्मा वाढला की लुळी पडत आणि गारवा मिळताच पुन्हा उडू लागत. सीमूर बेंझर या अमेरिकन शास्त्रज्ञासह सिद्दीकींनी 1976 साली दाखवून दिले, की दोष त्यांच्या मज्जातंतूंतील विजेच्या संदेशात आहे.

"चिलटांवर पैसा आणि आयुष्य कशाला घालवायचे?" असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर हमरापूरकरांना लवकर पटावे. मूर्तीच्या साच्याचा टवका उडाला, तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीत तो दोष उतरतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. जनुक म्हणजे प्रथिनाचा साचाच. 1989 साली कळले, की त्या चिलटांचे बिघडलेले जनुक मज्जातंतूत सोडियम आत घेणाऱ्या दाराचे होते. त्याच कुळातील जनुके माणसातही आहेत. त्यांतील एकाच्या बिघाडाने तान्ह्या मुलांना आकडीचा एक गंभीर विकार होतो, हे 2001 साली सिद्ध झाले. आजही कित्येक घरांत आकडी आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, बाहेरची बाधा म्हणतात. तो दोष साच्याचा असू शकतो. ना आईचा अपराध, ना कोणाची करणी.

2000 साली चिलटाचा आणि 2001 साली माणसाचा जनुकसंच बहुतांशी वाचून प्रसिद्ध झाला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा माणसाच्या रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांना चिलटात जोडीदार सापडले. अशी तुलना हे आता एक स्वतंत्र शास्त्रच झाले आहे.

मुलींच्या पालकांना आणखी एक सांगतो. नैरोबीत गोव्याच्या कुटुंबात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज सिद्दीकींच्या हाताखाली शिकण्यासाठी मुंबईला आल्या. चिलटांना वास आणि चव कशी कळते, यावर या गुरु-शिष्येने केलेले काम जगाने मानले. 2010 साली त्यांचे निधन झाले, तोवर त्या स्वतः अनेकांच्या गुरू झाल्या होत्या. मुलगी हुशार असेल तर बारावीवर तिचे शिक्षण थांबवू नका.

सिद्दीकींनी पुढे बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. 2006 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 2013 साली ते वारले. पण साध्या चिलटाला प्रश्न विचारण्याची त्यांची रीत कोणालाही शिकता येते.

विद्यार्थी मित्रांनो, एका बाटलीत पिकलेले केळे ठेवा, चार चिलटे आत गेली की कापसाचा बोळा लावा. दहा-बारा दिवसांत नवी पिढी दिसेल. रोज वहीत टिपण ठेवा. आणि पालकहो, घरात चिलटे आणली म्हणून पोराला रागावू नका. त्याला काय दिसले ते विचारा.