शर्यतीचा हंगाम संपल्यावर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला "आयटी क्षेत्रातील संधी" हा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, त्या विषयावर आता आपल्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे. मला वेगळं बोलू द्या. त्यांनी मोठ्या मनाने हो म्हटलं. तर आज मी बोलणार आहे मोटारसायकलच्या शर्यतींबद्दल. यंदाचा माझा हंगाम नुकताच संपला. तो संपल्यापासून मनात जे घोळतंय, ते आर्वीतच सांगावं असं वाटलं.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. साहजिक आहे. वय ४३, बेंगळुरूच्या कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी, घरी कॉलेजात जाणारी मुलगी, आणि म्हणे शर्यत! माझ्या आईचाही पहिला प्रश्न हाच होता, "काऊन वो, आता कायले हे?" पण शर्यत हा प्रकार आपल्या गावाला नवा नाही. आपल्या लहानपणी पुलगाव-आर्वी नॅरोगेजची शकुंतला धावायची, आणि रुळाशेजारच्या वाटेने पोट्टे तिच्याशी सायकलची शर्यत लावायचे. बहुतेक वेळा सायकलच जिंकायची! पलीकडच्या तळेगाव दशासरचा शंकरपट तर आपल्यापैकी अनेकांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला असेल. आणि बजाजची स्कूटर देशभर गेली, त्या बजाज घराण्याची मुळंही आपल्या वर्ध्यातच आहेत. मी गाडी शिकले ती बाबांच्या एम-एटीवर, शेतातल्या बैलगाडीच्या चाकोरीत.

मी ज्या शर्यतींत भाग घेते त्या चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर होतात. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९० मध्ये सुरू झाला. त्याआधी हा क्लब शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर शर्यती भरवायचा. ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. दुसरा जुना ट्रॅक कोइम्बतूरजवळ आहे, करी मोटर स्पीडवे. एस. करिवर्धन यांनी रेसिंगच्या गाड्या भारतात बनवून दाखवल्या. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले, आणि २००३ मध्ये सुरू झालेल्या त्या ट्रॅकला त्यांचं नाव दिलं गेलं.

मी हौशी गटातली. आमच्या गटात सगळ्यांना एकाच बनावटीच्या, सारख्या तयारीच्या गाड्या मिळतात. त्यामुळे ज्याच्याकडे पैसा जास्त त्याची गाडी जोरात, असं होत नाही. प्रवेश फी, परवाना, चामड्याचा सूट आणि प्रवास हे आपल्या खिशातून. बक्षिसाच्या रकमेत टायरसुद्धा येत नाही. शुक्रवारी काम आटोपून बेंगळुरूहून निघायचं, शनिवारी सराव आणि पात्रता फेरी, रविवारी शर्यत, सोमवारी सकाळी परत मीटिंगला हजर. माझ्या बरोबरीच्या मुली १८ ते २२ वर्षांच्या. त्या मला "अक्का" म्हणतात, आणि वळणावर अक्काला आतून कापून पुढे जातात.

यंदा चार फेऱ्या झाल्या. ११ जणींत मी सातवी आले. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काही नाही. पण जूनमधल्या पहिल्या फेरीत माझा जो लॅप होता, त्यातून शेवटच्या फेरीपर्यंत सहा सेकंद कमी झाले. प्रत्येक सेकंद कुठे सापडला ते मला पाठ आहे. दोन सेकंद ब्रेक उशिरा पण नेमका लावल्याने, दोन नजर लांब ठेवल्याने, आणि उरलेले दोन घाई सोडल्याने. वेग वाढवायचा तर घाई सोडावी लागते, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता ज्यासाठी उभी राहिले त्याकडे येते.

तिसऱ्या फेरीत पाऊस होता. पहिल्या वळणाला आम्ही सी-वन म्हणतो, उजवीकडचं वेगवान वळण. तिथे माझ्यापुढची मुलगी घसरली. गाडी एकीकडे, ती दुसरीकडे. मी तिथे पोहोचायच्या आत पिवळा झेंडा हलत होता. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लगेच लाल झेंडा, म्हणजे शर्यत थांबली. मार्शल धावले, पाठोपाठ रुग्णवाहिका आली. पोरीचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी ती हात गळ्यात बांधून पॅडॉकमध्ये इडली खात बसली होती, आणि पुढची फेरी चुकणार म्हणून रडत होती.

त्याच आठवड्यात, गुरुवारी रात्री, मला घरून फोन आला. माझ्या चुलत भावाचा मुलगा, १९ वर्षांचा, तळेगाव रस्त्यावर गेला. दोन मित्रांत पैज लागली होती, कोण आधी पोहोचतं. समोरून दिवे नसलेली ट्रॉली आली. हेल्मेट घरी खुंटीला होतं. रस्त्यावर झेंडा दाखवणारं कोणी नव्हतं. कोणाच्या तरी चारचाकीत टाकून त्याला दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

मी तेरवीला आले. वहिनी माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुमी बी गाडीच पळवता, अन् माह्या पोरानं बी गाडीच पळवली. मंग तुमी कशा काय वापस येता?"

त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. शेवटची फेरी तीन आठवड्यांवर होती. घरच्या सगळ्यांचं म्हणणं होतं की आता हे बंद कर. मी गेले. का गेले, तर वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच शोधायचं होतं. त्या रविवारी मी शर्यतीपेक्षा ट्रॅककडे जास्त पाहिलं. आज ते उत्तर मांडते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दर दोन आठवड्यांनी बसून मागचा आढावा घेतो. कोणाचं चुकलं ते शोधण्यासाठी नाही, तर व्यवस्था कुठे उघडी पडली ते पाहण्यासाठी. माणूस घसरणारच, असं धरून व्यवस्था बांधायची असते. ट्रॅक तशीच बांधलेली व्यवस्था आहे. तिथे सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. समोरून कोणी येत नाही, आडवी गाय नाही. घसरलात तर झाडावर नाही, मोकळ्या जागेत जाता. शर्यतीआधी हेल्मेट, सूट, बूट, हातमोजे, गाडीचे ब्रेक, सगळ्याची तपासणी होते. हेल्मेटचा पट्टा सैल असला तरी बाहेर उभं करतात. फेडरेशनचा परवाना नसेल तर आत प्रवेशच नाही. ट्रॅकवर वेग रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तरी मी वापस येते ती या सगळ्यामुळे. वहिनीचा पोरगा माझ्यापेक्षा कमी हुशार नव्हता. त्याच्या बाजूने कोणतीच व्यवस्था उभी नव्हती.

हे एकट्या घराचं दुःख नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणजे आपली पोरं त्याच जुन्या, अंधाऱ्या, ट्रॉल्यांच्या रस्त्यांवर आहेत, आणि हातात मात्र पूर्वीच्या दुप्पट ताकदीच्या गाड्या आहेत. गाडी आपणच घेऊन देतो, बारावीला टक्के चांगले पडले म्हणून. ती थांबवायची कशी, हे कोणी शिकवत नाही.

थोडं गणित सांगते, मास्तरांसमोर उभी आहे म्हणून भीतभीतच. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. तेवढ्यात १७ मीटर गेले. मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लावला तर आणखी २० मीटर. एकूण ३७. वेग ताशी ९० केला, म्हणजे फक्त दीडपट, तर अंतर होतं जवळपास ७०. दुचाकीच्या दिव्यात रात्री धोका किती लांबून दिसतो, ते तुम्हीच आठवून पाहा.

आणि ब्रेक कोणता? आपल्याकडे पोरांना सांगतात, "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील." ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. तो झटक्याने नाही, पिळल्यासारखा वाढवत दाबायचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण ते काम करताना लिव्हरला कसं थरथरतं हे ज्याला माहीत नाही, तो नेमक्या वेळी घाबरून ब्रेक सोडतो. हे पुस्तकात वाचून येत नाही. मोकळ्या जागेत दहा-वीस वेळा करून पाहिलं की अर्ध्या दिवसात हाताला कळतं.

आपल्या मातीतही ही समज आहे. शंकरपटात जोडी सेकंदांच्या हिशेबाने पळते, पण बाजाराच्या रस्त्यावर कोणी पट भरवत नाही. त्यासाठी जागा ठरते, वेळ ठरते, लोक बाजूला उभे राहतात, आणि धुरकरी सरावलेला असतो. बैलांसाठी आपल्या आज्या-पणज्यांनी जे केलं, ते पोरांसाठी आपल्याला जमू नये?

तर माझं मागणं साधं आहे. आपल्या शाळेचं मैदान मोठं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतले दोन शनिवार-रविवार मला द्या. खडू, पाण्याच्या बाटल्या आणि माती भरलेल्या चुंगड्या एवढंच सामान पुरेल. मी येईन, आणि माझ्याबरोबर सराव करणाऱ्या दोघीजणी यायला तयार आहेत. १८ पूर्ण झालेल्या, परवाना असलेल्या गावातल्या कोणत्याही मुला-मुलीने यावं, स्वतःची गाडी आणि हेल्मेट घेऊन. १८ च्या आतल्यांना मैदानात गाडी नाही, पण बघायला यावं. कायद्याने आता अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हेही पालकांना तिथेच सांगू. आपल्या बॅचमधले दोघे डॉक्टर आहेत, त्यांनी पडलेल्या माणसाचं हेल्मेट कसं काढायचं आणि मान कशी धरायची ते शिकवावं. ज्यांना पैसे द्यायचे आहेत, त्यांनी फुलांचे हार आणि शाली थोड्या कमी करून आयएसआय शिक्क्याची हेल्मेटं द्यावीत.

तुम्ही विचाराल, पुढच्या हंगामाचं काय? खरं सांगायचं तर अजून ठरलेलं नाही. गुडघा कुरकुरतो, आणि त्या पोरी दरवर्षी आणखी वेगाने येतात. नाव नोंदवलं तर आठवी येईन, नाही नोंदवलं तर रविवारी उशिरापर्यंत झोपेन. पण मैदानावरचे ते दोन शनिवार-रविवार मी आत्ताच माझ्या कॅलेंडरमध्ये टाकले आहेत.

कालच वहिनीला भेटून आले. तिला हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. निघताना तिने खुंटीवरचं ते हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ज्याच्यापाशी नसन, त्याले द्या."

ते आज त्या टेबलावर ठेवलं आहे. पहिलं नाव ज्याचं येईल, त्याला देऊ.